जुन्या घरातला संडासाचा वास आणि त्याची वाट

रहिमतपुरात काय किंवा आसपासच्या कोरेगाव, औंध, पुसेसावळीत काय, जुन्या वाड्यांच्या आत संडास आला त्याला फार वर्षं झालेली नाहीत. दगडी जोतं, पांढऱ्या मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, वर माळवद किंवा कौलं, आणि अशा घरात जिन्याखाली नाहीतर न्हाणीघराला लागून मागाहून बसवलेला चार बाय तीनचा संडास. म्हाताऱ्या माणसांची रात्रीची परसाकडची पायपीट थांबली, बायकांना अंधार पडायची वाट बघावी लागेनाशी झाली. ही सोय लहान नाही. पण तिच्या पाठोपाठ बऱ्याच घरांत एक वासही मुक्कामाला आला. सकाळी फारसा जाणवत नाही, संध्याकाळी दारं लावली की सोप्यापर्यंत येतो. पावसाळ्यात वाढतो. मुंबई-पुण्याची माणसं यात्रेला किंवा मे महिन्यात येऊन बंद घर उघडतात, तेव्हा तो उंबऱ्यातच भेटतो.

घरातल्या माणसांना तो कळेनासा होतो. सतत येणारा वास नाक काही मिनिटांतच सोडून देतं, त्यामुळे आपल्या घराला वास येतो की नाही हे बाहेरून आलेल्यालाच विचारावं लागतं, आणि पाहुणा सहसा खरं सांगत नाही. मग फिनाईलची बाटली, डांबराच्या गोळ्या, उदबत्ती, खिडकीत टांगलेली सुगंधी वडी असं सगळं सुरू होतं. यातल्या कशानेही वास जात नाही, त्यावर दुसरा वास बसतो. 1858 सालच्या उन्हाळ्यात लंडनला थेम्स नदी इतकी घाण मारू लागली, की पार्लमेंटच्या खिडक्यांचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून टांगले गेले. पडद्यांनी काही झालं नाही. पुढे बॅझलजेट या इंजिनियरने शहराखालून मोठे नळ घालून मैला नदीच्या खालच्या अंगाला नेला, तेव्हा नदीकाठ राहण्याजोगा झाला. आपल्या घरातही हेच करायचं आहे. वास हा वायू आहे, तो कुठेतरी तयार होतो आणि कुठल्यातरी फटीतून आत येतो. ती फट सापडली की खर्च बहुतेक वेळा फार होत नाही. सापडली नाही तर कितीही खर्च करा, पुरत नाही.

शोधाची सुरुवात नाकानेच करावी, कारण संडासाचा वास एकच नसतो. सडक्या अंड्यांचा वास असेल तर तो हायड्रोजन सल्फाइड. हा वायू हवा नसलेल्या जागी तयार होतो: सेप्टिक टाकीत, पाइपात, जाळीखाली साचलेल्या काळ्या बुळबुळीत थरात. म्हणजे तो आला असेल तर खालून आला आहे. नाकाला आणि डोळ्यांना झोंबणारा, नवसागराची आठवण देणारा वास असेल तर तो अमोनिया. लघवीतल्या युरियाचं उघड्यावर जिवाणूंनी विघटन केलं की तो सुटतो, म्हणजे त्याचं मूळ फरशीत, सांध्यांत किंवा भांड्याच्या कडेला आहे. तिसरा वास ओलीचा, बुरशीचा, बंद संदुकीसारखा. त्याचा संडासाशी संबंध नसून भिंतीशी आहे. तिन्ही एकत्र असू शकतात, पण बहुतेक घरांत एकच वरचढ असतो.

आणखी एक गोष्ट आधीच तपासून घ्यावी. बोअरच्या पाण्याला काही ठिकाणी मुळातच गंधकाचा वास असतो. नळाचं पाणी ग्लासात घेऊन अंगणात जावं आणि तिथे वास घ्यावा. बाहेरही तो तसाच आला तर दोष पाण्याचा. बाहेर आला नाही, तर पुढे वाचावं.

संडास घराबाहेर, परसाच्या टोकाला का असायचा, याचं उत्तर वासातच आहे. टोपलीच्या संडासाला वास अडवणारं काहीही नव्हतं. अंतर हाच एक उपाय. त्या अंतराची किंमत मात्र घरातलं कुणी देत नव्हतं. मागच्या बोळातून येऊन टोपली उचलणाऱ्या माणसांनी ती पिढ्यान्‌पिढ्या दिली, आणि जातीने त्यांना त्या कामाला बांधून ठेवलं. कोकणात कणकवलीजवळ गोपुरी आश्रम काढणाऱ्या अप्पासाहेब पटवर्धनांनी हे काम स्वतः हातात घेतलं आणि माणसाला माणसाचा मैला उचलावा लागू नये अशा संडासांचे प्रयोग केले. देहूत डॉ. मापुसकरांनी वैद्यकी करता करता आयुष्यभर हाच ध्यास घेतला. 2017 साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. 2000 साली तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि आपल्या भागातल्या गावोगावी संडास बांधले जाऊ लागले. संडास परसातून माजघराशेजारी आला तो या सगळ्यानंतर. आणि तो येऊ शकला एका अगदी साध्या गोष्टीमुळे: पाइपाच्या वाकणात अडकून राहिलेलं वाटीभर पाणी.

1775 साली अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने या वाकणाचं पेटंट घेतलं. आज पी-ट्रॅप, एस-ट्रॅप या नावांनी ते प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. भांड्याखालचा पाइप आधी खाली जातो, मग वर चढतो आणि पुन्हा खाली उतरतो. वापर झाल्यावर पाणी ओतलं की मैला वाकण ओलांडून पुढे जातो आणि शेवटचं स्वच्छ पाणी वाकणात उरतं. त्या पाण्याच्या एका बाजूला आपली खोली, दुसऱ्या बाजूला टाकीची हवा. मधली भिंत पाण्याची. तिची जाडी नेहमीच्या ट्रॅपमध्ये 50 मिलिमीटर असते. गावाकडे कमी पाण्यात वापरायच्या ज्या उतरत्या भांड्यांचा प्रसार झाला, त्यांत ती 20 मिलिमीटर ठेवली, म्हणजे दीड-दोन लिटर पाण्यात काम भागावं. पाण्याची ती बचत मोलाची आहे, पण बोटाच्या एका पेराएवढ्याच पाण्यावर सगळ्या घराची हवा अवलंबून राहते.

हे पाणी दोन प्रकारांनी जातं. पहिला प्रकार उघड आहे, ते वाळतं. मार्च ते मे आपल्याकडची हवा खडखडीत कोरडी असते. बंद घरात 20 मिलिमीटर पाणी काही आठवड्यांत उडून जातं आणि टाकीचा वायू सरळ माजघरात येतो. बंद घर उघडल्यावर येणाऱ्या वासाचं कारण बहुतेक वेळा हेच असतं, आणि त्यावरचा उपाय म्हणजे भांड्यात आणि प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओतून खिडक्या उघडणं. घर पुन्हा बंद करून जाताना ट्रॅपमध्ये पाणी भरून वर दोन चमचे लिक्विड पॅराफिन सोडावं. औषधाच्या दुकानात मिळतं. तेलाचा पातळ थर पाण्यावर पसरतो आणि बाष्पीभवन बरंच मंदावतं. शेंगदाण्याचं तेल खवट होतं, खोबरेल थंडीत थिजतं, म्हणून ही दोन्ही नकोत. शेजाऱ्यांकडे किल्ली असेल आणि पंधरवड्यातून एकदा कुणी पाणी ओतणार असेल तर तेलाचीही गरज नाही.

संडासाच्या भांड्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. खरा चोर पुष्कळदा शेजारी असतो. न्हाणीघराच्या कोपऱ्यातली जाळी, जिला प्लंबर नहाणी ट्रॅप म्हणतात, तिच्याखालीही असंच पाण्याचं वाकण असायला हवं. जुन्या घरात गवंड्याने पुष्कळ वेळा ते बसवलेलंच नसतं. जाळी काढली की खाली सरळ पाइप दिसतो. वर्षानुवर्षं संडासाला दोष दिला जातो आणि वास येत असतो आंघोळीच्या मोरीतून. जाळी उचलून बॅटरीचा उजेड टाकावा. खाली पाणी चमकलं तर ट्रॅप आहे. पाणी दिसलं नाही तर एक तांब्या ओतून पुन्हा बघावं, टिकतं की नाही. टिकत नसेल तर फरशी फोडून नवा ट्रॅप बसवावा. पाणी आहे पण भोवती केस, साबणाचा चिकटा आणि काळा थर असेल तर हातमोजे घालून तो आधी काढावा, मग गरम पाणी. तो काळा थर स्वतःच सडक्या अंड्यांचा वास सोडतो.

ट्रॅपमधलं पाणी जाण्याचा दुसरा प्रकार लपून होतो. माडीवरच्या संडासात कुणी बादली ओतली की खालच्या भांड्यात गुडगुड आवाज येतो, आणि नंतर बघितलं तर तिथली पाण्याची पातळी उतरलेली असते. उभ्या पाइपातून पाण्याचा लोट खाली जाताना आपल्यामागे पोकळी सोडतो. ती भरायला हवा लागते. वरून हवा मिळाली नाही तर तो लोट जवळच्या ट्रॅपमधलं पाणी ओढून घेतो आणि त्याच्या मागून खोलीतली हवा. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गुडगुडत, थांबत थांबत पडतं. दुसऱ्या कोपऱ्यात आणखी एक भोक पाडलं की धार सरळ लागते. व्हेंट पाइप हे ते दुसरं भोक. तो नसेल किंवा बुजला असेल तर संडास कितीही घासा, ट्रॅप रोज रिकामा होत राहणार. म्हणून गुडगुडण्याचा आवाज ऐकू आला की फिनाईल बाजूला ठेवून शिडी घ्यावी.

व्हेंट पाइप जुन्या घरांत असतो, पण अर्धवट असतो. परसातल्या टाकीच्या कोपऱ्यावर हातभर उंचीचा सिमेंटचा पाइप, वरून फुटका. टाकी घराला लागून असेल तर त्या पाइपाचं तोंड घराच्या छपरापेक्षा दोन मीटर उंच हवं, आणि व्यास 50 मिलिमीटरपेक्षा कमी नको. पेठेत घरं एकमेकांना खेटून असतात, तेव्हा आपल्या छपराबरोबर शेजाऱ्याच्या माडीची खिडकीही बघावी. आपला वास त्याच्या देवघरात सोडून आपण मोकळं होणं बरोबर नाही. पाइप शक्यतो सरळ उभा न्यावा. आडवा फिरवला की त्यात वाफेचं पाणी साठतं आणि हवा थांबते. वरच्या तोंडाला जाळीचं काउल असावं, नाहीतर डास टाकीतून मोकळे ये-जा करतात. या जाळीत गांधीलमाशीचं किंवा कुंभारणीचं घर, कोळिष्टकं, वाळकी पानं अडकतात. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी कौलं चाळताना, तीही बघून घ्यावी. संध्याकाळी वास वाढतो याचंही एक कारण इथे आहे. दिवसा ऊन पाइपावर पडतं, आतली हवा तापून वर चढते आणि टाकीचा वायू ओढून नेते. म्हणून काही जण व्हेंट पाइप दक्षिण बाजूला, उन्हात ठेवतात आणि काळा रंगवतात. हा खर्च नसलेला आणि खरोखर उपयोगी उपाय आहे. सूर्य कलला की ही ओढ थांबते, हवा जड होऊन खाली बसते.

एक्झॉस्ट पंख्याबद्दल इथेच सांगायला हवं, कारण तो बसवल्यावर वास वाढला अशी तक्रार पुष्कळ ऐकू येते. तक्रार खोटी नसते. पंखा खोलीतली हवा बाहेर फेकतो. तेवढीच हवा कुठूनतरी आत यावी लागते. दार खालपर्यंत घट्ट, खिडकी बंद, तर ती येते कोरड्या पडलेल्या नहाणी ट्रॅपमधून किंवा भांड्याच्या बुडाशी असलेल्या भेगेतून. पंखा मग टाकीचा वास स्वतःच खोलीत खेचतो. दाराखाली बोटभर फट ठेवली किंवा दाराच्या तळाला झडपांची चौकट बसवली की तोच पंखा कामाला येतो.

आता भेगा. भांडं आणि खालचा ट्रॅप यांच्या जोडावरचं सिमेंट दहा-वीस वर्षांत तडकतं. मातीच्या भिंती ऋतूप्रमाणे थोड्या हलतात, काळ्या जमिनीवरचं जोतंही हलतं, आणि चिनी मातीचं भांडं मात्र ताठ असतं. दोघांच्या मधला सांधा फुटतो. केसाएवढी भेग पुरते. शोधायला उदबत्ती चांगली. पंखा बंद करावा, दार-खिडकी लावून घ्यावी, धूर स्थिर झाला की उदबत्ती भांड्याच्या कडेने, पाइप भिंतीत शिरतो तिथे आणि जाळीभोवती हळूहळू फिरवावी. जिथे धूर अचानक एका बाजूला वळतो तिथे हवा ये-जा करते आहे.

दुसरी युक्ती शिडाच्या होड्यांवरची आहे. गोव्यात दिवार बेटावर बांधलेली नौदलाची ‘तारिणी’ ही सुमारे 17 मीटर लांबीची होडी. तिच्यावरून सहा महिला अधिकाऱ्यांनी 10 सप्टेंबर 2017 ते 21 मे 2018 या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केली. एवढ्या लांबीच्या होडीत झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची जागा एकाच छताखाली, हातभर अंतरावर असते. जुन्या होड्यांच्या केबिनमध्ये हा वास ही जगभरच्या दर्यावर्दींची नेहमीची डोकेदुखी आहे. तिथे फ्लशला समुद्राचं पाणी वापरतात. ते पाइपात पडून राहिलं की त्यातले सूक्ष्म जीव मरून कुजतात. शिवाय रबरी नळी वर्षानुवर्षं मैल्याच्या संपर्कात राहून स्वतःच वासाने भिजते, बाहेरून कोरडी आणि धडकी दिसली तरी. होडीवाले मग कडकडीत गरम पाण्यात फडकं पिळून नळीच्या एका भागावर गुंडाळतात, गार झालं की काढून लांब नेऊन हुंगतात. फडक्याला वास लागला तर ती नळी बदलायची. आपल्याकडे हीच परीक्षा कमोडच्या मागच्या लवचिक जोडाला, वॉश-बेसिनखालच्या नागमोडी नळीला आणि भिंतीबाहेरच्या जुन्या पाइपाच्या सांध्यांना लावता येते. प्रत्येक जागेला वेगळं फडकं घ्यावं, नाहीतर एका जागेचा वास दुसरीच्या नावावर जातो.

भेग सापडली तर तिच्यावर वरून सिमेंटचा लेप देऊन भागत नाही. जुनं सिमेंट छिन्नीने खरवडून, जागा कोरडी करून भरावं. पीव्हीसीचा जोड असेल तर सॉल्व्हंट सिमेंटने नवा बसवावा.

अमोनियाचा वास असेल तर आतापर्यंतचं सगळं सोडून फरशीकडे वळावं. आपल्याकडच्या जुन्या संडासांत शहाबादी फरशी असते. शहाबादी हा चुनखडीचा दगड. त्यावर पिवळे डाग पडले की घरोघरी ॲसिडची बाटली येते. ओतल्याबरोबर फेस येतो, बुडबुडे फुटतात, आणि डाग निघतो आहे असं वाटून समाधान होतं. वास्तविक तो फेस दगड विरघळण्याचा असतो. डागाबरोबर फरशीची वरची गुळगुळीत कातडीही जाते, खाली खरखरीत, भोकाभोकांचा दगड उरतो आणि फरश्यांमधलं सिमेंटही खाल्लं जातं. पुढच्या वेळी लघवी त्यात अधिक खोल मुरते, वास आठवड्यात परत येतो, आणि पुन्हा ॲसिड. काही वर्षांनी फरशीखालची भर आणि शेजारच्या मातीच्या भिंतीचा बुडखाही भिजलेला असतो. ही चूक इतक्या घरांत होते, आणि इतक्या स्वच्छतेच्या हौसेने होते, की ती पुन्हा पुन्हा सांगायला हवी: शहाबादीवर ॲसिड नको.

चिनी मातीच्या भांड्याला मात्र आम्ल चालतं. जड पाण्याच्या गावात भांड्याच्या कडेखाली आणि पाणी उतरतं त्या जागी पिवळट-तपकिरी खडा धरतो. लघवीतले क्षार आणि पाण्यातलं कॅल्शियम मिळून तो होतो, त्याला सूक्ष्म छिद्रं असतात आणि त्यांत जिवाणू राहतात. ब्रशने तो निघत नाही. किराणा दुकानातलं लिंबूसत्व घ्यावं, कोमट पाण्यात भरपूर विरघळवून रात्री भांड्यात सोडावं, कडेला भिजवलेलं फडकं चिकटवून ठेवावं, सकाळी घासावं. दोन-तीन रात्रींत खडा सुटतो. फरशीसाठी साधं साबणाचं पाणी, ब्रश, आणि भरपूर धुणं. त्यानंतर फरशी पूर्ण वाळू द्यावी आणि सांधे खरवडून चांगलं ग्राउट भरावं. दगड फारच खाल्ला गेला असेल तर वर सिरॅमिक टाइल बसवण्याआधी तो उचलून खालची भिजकी भर काढून टाकावी. वासाच्या भरीवर नवी टाइल बसवली तर पैसे गेले.

एक इशारा या कामात विसरता कामा नये. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. लघवीच्या अमोनियावर ब्लीच पडलं तरी विषारी वायू तयार होतात. बंद, चार बाय तीनच्या खोलीत हे जिवावर बेतू शकतं. एका दिवशी एकच वस्तू वापरावी, आणि मध्ये पाण्याने धुऊन घ्यावं.

राहिली टाकी. सेप्टिक टाकीत मैल्याचे तीन थर होतात: वर तरंगणारी तेलकट साय, मध्ये गढूळ पाणी, तळाला गाळ. हवा नसलेल्या त्या अंधारात जिवाणू मैला पचवतात आणि मिथेन, कार्बन डायऑक्साइड, थोडा हायड्रोजन सल्फाइड सोडतात. वायू होणारच; तो व्हेंटमधून छपरावर जावा एवढंच आपल्या हातात असतं. पण टाकी आजारी पडली की वायू फार होतो आणि पाणीही घाण बाहेर पडतं. रोज बाटलीभर फिनाईल, ॲसिड, ब्लीच टाकीत गेलं तर हे जिवाणू मरतात आणि मैला न पचता साठतो. घासण्यापुरतं थोडं फिनाईल टाकीला बाधत नाही. टाकीत टाकायच्या जिवाणूंच्या पावडरी बाजारात आहेत. रोजच्या वापरातल्या टाकीला त्यांची गरज नाही, रोज येणाऱ्या मैल्यातच हवे ते जिवाणू असतात. न्हाणीघराचं साबणाचं पाणी टाकीत सोडू नये. ते जास्त असतं, मैला पचायच्या आत त्याला पुढे ढकलतं.

टाकीतून बाहेर पडणारं पाणी शोषखड्ड्यात जावं. जुन्या गावांत ते पुष्कळदा सरळ रस्त्याच्या उघड्या गटारीत सोडलेलं असतं, आणि मग आपल्याच टाकीचा वास पुढच्या दाराने, ओसरीवरून आत येतो. मागे संडासात शोधून काही सापडलं नाही तर पुढच्या गटारीकडे जाऊन बघावं. घराची मोरी गटारीला जिथे मिळते तिथे गली ट्रॅप असेल तर निदान पाइपातून उलट येणारी गटारीची हवा थांबते. काळ्या मातीत शोषखड्डा पावसाळ्यात तुंबतो, कारण भिजलेली काळी माती फुगून पाणी घेईनाशी होते; तिथे खड्डा मुरमापर्यंत खोल नेण्याला किंवा लांबट शोषचर खणण्याला पर्याय नाही.

टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी. आपल्याकडे ती भरून वाहू लागेपर्यंत कुणी झाकण उचलत नाही. आपल्याच जिल्ह्यात वाईने यातून वाट काढून दाखवली. 2018 पासून तिथल्या नगरपालिकेने, अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या मदतीने, गावाचे भाग पाडून दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी उपसण्याची पाळी लावली. खर्च करातून, घरमालकाने तक्रार करायची वाट न बघता. नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनेही हेच केलं. माझ्या मते छोट्या गावांसाठी यापेक्षा समंजस योजना नाही. रहिमतपूरची नगरपालिका जुनी आहे, आणि पाणी खेळवण्याची कल्पकता या गावाला परकी नाही. आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाच्या कबरीजवळची हत्तीमोट बघायला माणसं अजून जातात. मैल्याचा प्रश्न त्याच कल्पकतेने हाती घेण्यासारखा आहे.

उपसायला गाडीच बोलवावी, माणूस उतरवू नये. थोडंच काम आहे, पाच मिनिटांत होईल, असं म्हणून कुणी तयार झाला तरीही नाही. हायड्रोजन सल्फाइड नाकाला दहा लाखांत एक भागापेक्षा कमी असला तरी कळतो, पण शंभर भागांच्या आसपास तो नाकालाच बधिर करतो. वास थांबला म्हणून माणसाला वाटतं धोका गेला. त्याच्या काही पट वाढला की काही श्वासांत शुद्ध हरपते. तो हवेपेक्षा जड असतो, टाकीच्या तळाशी साठतो, गाळ ढवळला की एकदम उसळतो. एक पडला म्हणून वाचवायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो; टाकीतल्या मृत्यूंच्या बातम्यांत दोन-तीन नावं एकत्र असतात ती यामुळे. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय कुणालाही टाकीत वा गटारात उतरवणं गुन्हा ठरवलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठी 2014 साली 10 लाख आणि 2023 साली 30 लाख रुपये भरपाई ठरवून दिली. ज्या कामातून माणसाला सोडवण्यासाठी अप्पासाहेबांनी आयुष्य दिलं, तेच काम टाकीच्या रूपाने आपण पुन्हा त्याच माणसांच्या माथी मारतो आहोत, हे प्रत्येक घरमालकाने झाकण उघडण्यापूर्वी मनात आणावं.

उपशानंतर तळाला थोडा गाळ राखावा आणि टाकी लगेच पाण्याने भरावी. झाकणाच्या कडा पक्क्या सिमेंटने न लिंपता चुना-वाळूने बंद कराव्यात, म्हणजे हवा सुटत नाही आणि पुढच्या वेळी झाकण फुटत नाही. उपशानंतर काही आठवडे वास जरा वाढतो. जिवाणूंचा जम बसेपर्यंत तो राहतो.

नवा संडास बांधायचा असेल आणि परसात जागा असेल तर टाकीऐवजी दोन शोषखड्ड्यांचा बांधावा. मध्ये इंग्रजी वाय आकाराचा जोड, एका वेळी एकच खड्डा चालू. वायू खड्ड्याच्या भोवतीच्या मातीत मुरतो, म्हणून त्याला व्हेंट पाइपही लागत नाही. पहिला भरला की वाट दुसऱ्याकडे वळवायची आणि दीड-दोन वर्षांनी पहिल्यातून भुसभुशीत, काळसर, वास नसलेलं खत काढायचं. विहीर किंवा हातपंप जवळ असेल तर मात्र हा खड्डा नको. पाण्याची बाधा वासापेक्षा फार मोठी.

कुठल्याही घरात शोध करताना एका दिवशी एकच बदल करावा आणि मग दोन दिवस थांबावं. पाणी भरलं, तेल सोडलं, भेग बुजवली, पाइप उंच केला, असं सगळं एकदम केलं तर वास जातो, पण कशाने गेला ते कळत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. गेला की नाही हे ठरवताना सकाळी घराबाहेर जाऊन अर्धा तास मोकळ्या हवेत फिरून यावं आणि सरळ संडासाचं दार उघडावं. त्या पहिल्या श्वासात जे कळतं तेच खरं धरावं. शक्य असेल तर जूनच्या पहिल्या पावसानंतरही हेच करून बघावं, कारण जमीन भिजली आणि टाकीतली पातळी चढली की उन्हाळ्यात गप्प असलेली भेग बोलू लागते.